बिनइंजिनाची आगगाडी



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी त्यांना आधीच सांगून टाकले की, मी पदवीधर नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते हमाल-मापाड्यांच्या संघटनेच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा मोठमोठ्या राजांचा आणि लढायांचा इतिहास माझ्याकडून अपेक्षू नका. मी आज एका गाडीचा इतिहास सांगणार आहे. या गाडीला पुढे इंजिन दिसत नाही. खेड्यातली म्हातारी माणसे अजून विचारतात, "हिला ओढतं कोण?" प्रश्न भाबडा वाटतो, पण मला तो फार चांगला वाटतो, कारण आगगाडीला ओढते कोण, आणि ओढण्याची पद्धत बदलली म्हणजे कोणाचे काय होते, हाच आजचा माझा विषय आहे.

आरंभ आपल्याच गावापासून करू. मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत थळ घाट चढून रेल्वे आपल्या भागातून भुसावळकडे गेली. नांदगावला स्थानक झाले. त्या काळी वेरूळची लेणी पाहायला जाणारा माणूस कोठे उतरत असे? मनमाडला नव्हे. तो नांदगावला उतरे. इंग्रजांच्या प्रवासी मार्गदर्शक पुस्तकांत वेरूळ आणि औरंगाबादचे स्थानक म्हणून नांदगावचेच नाव छापलेले असे. येथून पुढे टांग्याने जायचे. टांगेवाले, त्यांचे घोडे, घोड्यांना नाल मारणारे, दाणावैरण विकणारे, मुक्कामाच्या जागा सांभाळणारे, अशी एक अख्खी दुनिया त्या रस्त्यावर जगत होती. पुढे १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून येणारी मीटरगेज लाईन मनमाडला येऊन मिळाली. प्रवासी मनमाडला गाडी बदलून थेट औरंगाबादला जाऊ लागला. त्याची सोय झाली यात शंका नाही. परंतु नांदगावच्या टांग्यांचा रस्ता ओस पडला. त्या टांगेवाल्यांचे पुढे काय झाले, हे कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात लिहिलेले नाही. प्रवाशाच्या सोयीची नोंद झाली. टांगेवाल्याच्या भाकरीची झाली नाही. हा धडा मनात ठेवून आपण त्या बिनइंजिनाच्या गाडीकडे वळू.

प्रथम ती चालते कशी ते पाहू. आपल्यापैकी पुष्कळांनी लग्नाच्या मांडवामागे ठेवलेला जनरेटर पाहिला असेल. डिझेलवर यंत्र फिरते, त्याला जोडलेले दुसरे यंत्र वीज तयार करते, आणि त्या विजेवर मांडवातले दिवे लागतात. तोच जनरेटर मोठा करून आगगाडीच्या डब्यात बसवला, आणि दिव्यांच्या ऐवजी चाकांच्या आसांवर बसवलेल्या मोटारींना ती वीज दिली, म्हणजे डिझेल-विद्युत गाडी झाली. डिझेल चाके फिरवत नाही. डिझेल वीज करते, आणि वीज चाके फिरवते.

कोणी म्हणेल, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? डिझेलचे यंत्र सरळ चाकाला का जोडू नये? याचे उत्तर मोटारसायकल चालवणारा कोणताही पोरगा देईल. क्लच न दाबता, पहिला गियर न टाकता गाडी उचलायला गेले तर यंत्र बंद पडते. डिझेलचे यंत्र थांबलेल्या अवस्थेतून एकदम ओझे उचलू शकत नाही. विजेच्या मोटारीचा स्वभाव उलटा आहे. ती जागेवरून हलतानाच सर्वांत जास्त जोर लावते. पाच-पन्नास टनांचा डबा गियरच्या दात्यांवर हिसकण्यापेक्षा वीज मध्ये घालणे हे म्हणून सोयीचे ठरले.

ही युक्ती एका दिवसात सुचलेली नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन तंत्रज्ञाचे पहिले यशस्वी यंत्र १८९७ साली ऑग्सबर्ग येथे चालले. १९१३ साली स्वीडनमध्ये एका लहान रेल्वेवर डिझेल-विद्युत प्रवासी डबा चालू लागला. त्याची शक्ती होती अवघी ७५ अश्वशक्ती. त्याच १९१३ च्या सप्टेंबरअखेर डिझेलसाहेब इंग्लंडला जाताना रात्री बोटीवरून नाहीसे झाले. आपल्या यंत्राने पुढे जगातल्या आगगाड्यांचे काय केले, हे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

वीस वर्षांनी, १९३३ च्या मे महिन्यात, जर्मनीत बर्लिन ते हॅम्बुर्ग अशी एक गाडी सुरू झाली. लोक तिला 'उडता हॅम्बुर्गकर' म्हणू लागले. दोनच डबे, प्रत्येकी ४१० अश्वशक्तीची दोन डिझेल यंत्रे, आणि वेग ताशी १६० किलोमीटरपर्यंत. बर्लिन-हॅम्बुर्ग अंतर २८६ किलोमीटर. आपले मुंबई-नांदगाव अंतर जवळजवळ तेवढेच आहे. ते अंतर ही गाडी १३८ मिनिटांत, म्हणजे सव्वादोन तासांत तोडत असे. आपण आजही मुंबईला जाताना शिदोरी घेऊन निघतो, हे लक्षात घेतले म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या वेगाचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

पुढच्याच वर्षी, २६ मे १९३४ रोजी, अमेरिकेत 'झेफर' नावाची चकचकीत पोलादी गाडी डेन्व्हरहून पहाटे निघाली आणि १,६०० किलोमीटरांहून जास्त अंतर न थांबता कापून त्याच संध्याकाळी शिकागोस पोचली. वेळ लागला १३ तास ५ मिनिटे. वाटेत पाणी भरायला थांबणे नाही, कोळसा घेणे नाही, राख झाडणे नाही. वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले आणि ते रास्तच होते.

पण बंधूंनो, मी संघटनेचा माणूस. 'कोळसा घेणे नाही, राख झाडणे नाही' हे शब्द वाचले की माझ्या मनात प्रश्न येतो : कोळसा भरणारा आणि राख झाडणारा गेला कोठे?

वाफेच्या इंजिनावर आपल्याकडे तीन माणसे असत. ड्रायव्हर, पहिला फायरमन आणि दुसरा फायरमन. ड्रायव्हरचे नाव सगळ्यांना ठाऊक. गाडी मात्र फायरमनच्या फावड्यावर चाले. आमच्या कचेरीत पूर्वी एक वृद्ध निवृत्त फायरमन येऊन बसत. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली झुकलेला होता. ते म्हणत, "भट्टीत कोळसा नुसता फेकायचा नसतो, पसरायचा असतो. एका कोपऱ्यात ढीग झाला की वाफ पडली, आणि वाफ पडली की घाटात गाडी उभी." जेठ महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश उष्मा आणि समोर उघडी भट्टी, अशा स्थितीत हा माणूस तासन् तास उभा राही. लहानपणी मनमाडच्या मीटरगेज फलाटावर मी वाफेचे इंजिन पाहिले ते मला फार सुंदर वाटले होते. त्या म्हाताऱ्यांचे बोलणे ऐकल्यावर मला ते सुंदरच वाटले, पण त्याखाली दबलेला खांदाही दिसू लागला.

फायरमनच्या पाठीमागे आणखी किती हात होते! शेडमध्ये कोळसा चढवणारे, राखेचे खड्डे उपसणारे, बॉयलरच्या नळ्या घासणारे, पाण्याच्या टाक्या सांभाळणारे, फिटर, खलाशी, आणि रात्री-अपरात्री दार ठोठावून ड्रायव्हरला ड्यूटीचा निरोप देणारा पोऱ्या. डिझेल आले आणि या सगळ्यांच्या कामावर प्रश्नचिन्ह उभे राहिले.

अमेरिकेत या प्रश्नाने फार मोठे रूप घेतले. १९३७ साली तेथील रेल्वे कंपन्या आणि फायरमनची संघटना यांच्यात करार झाला की, मोठ्या डिझेल इंजिनांवर आणि वेगवान प्रवासी गाड्यांवर फायरमनची जागा मदतनीस म्हणून कायम राहील. कंपन्या पुढे म्हणू लागल्या, भट्टीच नाही तर भट्टीवाला कशाला पोसायचा? संघटना म्हणू लागली, दोन डोळ्यांपेक्षा चार डोळे सुरक्षित. हा तंटा वर्षानुवर्षे चालला. अखेर १९६३ साली देशव्यापी संप तोंडावर आला असताना अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून तो सक्तीने लवादाकडे सोपवला, आणि लवादाने मालगाड्यांवरच्या आणि यार्डातल्या सुमारे ९० टक्के फायरमनच्या जागा अनावश्यक ठरवल्या. जुन्या नोकरांना काही संरक्षण मिळाले. नव्या पोरांना दार बंद झाले.

या तंट्यात कोण बरोबर होता? मला विचाराल तर दोघांच्याही म्हणण्यात अर्धे सत्य होते. भट्टीशिवाय भट्टीवाला ठेवा, ही मागणी कायमची टिकणारी नव्हती. परंतु यंत्रामुळे जी बचत झाली ती सगळी भागधारकाच्या खिशात जावी आणि तोटा सगळा फायरमनच्या चुलीत जावा, हा न्यायही मला मान्य नाही.

आपल्याकडे हे स्थित्यंतर सावकाश झाले, हे आपले सुदैव. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. तिलाही वेगळे इंजिन नव्हते. डब्यातच मोटारी होत्या. मुंबईची लोकल ही या अर्थाने आपल्या बिनइंजिनाच्या गाडीची थोरली बहीण होय. फरक इतकाच की, थोरलीला वरून तारेतून वीज मिळते आणि धाकटी आपली वीज आपल्याच पोटात तयार करते. १९३० पर्यंत विजेच्या तारा घाट चढून इगतपुरीपर्यंत आल्या. तेथून पुढे भुसावळपर्यंत यायला त्यांना आणखी जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९६० च्या दशकाच्या शेवटी नांदगावावर तारा आल्या आणि मुख्य मार्गावरची वाफ हळूहळू ओसरली. चित्तरंजनच्या कारखान्याने १९७२ साली शेवटचे वाफेचे इंजिन बाहेर काढले, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ब्रॉडगेजवरची वाफेची नित्याची वाहतूक संपली.

या पंचवीस वर्षांत पुष्कळ फायरमन शिकून डिझेल असिस्टंट झाले, विजेच्या इंजिनावर गेले, त्यांतले काही ड्रायव्हर झाले. हे आपोआप घडले नाही. १९७३ च्या ऑगस्टमध्ये इंजिनावरच्या कामगारांनी संप केला, तेव्हा दहा तासांच्या ड्यूटीचे तत्त्व सरकारने मान्य केले. त्याआधी गाडी घेऊन निघालेला माणूस घरी केव्हा परतेल याचा भरवसा नसे. ८ मे १९७४ रोजी देशभर रेल्वे थांबली. तो संप २७ मे रोजी मागे घ्यावा लागला. हजारो माणसे तुरुंगात गेली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. मला त्यातले काही आठवत नाही. पण नंतर संघटनेच्या कामात ज्या ज्या वडीलधाऱ्यांनी मला हाताला धरून चालवले, त्यांतले बहुतेक त्या वीस दिवसांचे साक्षीदार होते. संप फसला असे इतिहासात लिहितात. पण कामाचे तास हा विषय त्यानंतर कोणाला टाळता आला नाही, हेही त्याच इतिहासात लिहिले पाहिजे.

आता आपल्या गाडीकडे येऊ. १९५५ साली सुरू झालेल्या मद्रासजवळच्या पेरांबूरच्या डबे कारखान्यात ही गाडी तयार झाली आणि १९९४ साली प्रथम पंजाबात, जालंधर भागात धावली. तिला 'डेमू' हे नाव पडले. आरंभी तिच्या इंजिनडब्याची शक्ती ७०० अश्वशक्ती होती, पुढे ती दुप्पट, म्हणजे १,४०० झाली. एका इंजिनडब्यामागे साधारण तीन साधे डबे, आणि गाडीच्या दोन्ही टोकांना ड्रायव्हरची खोली.

ही दोन टोकांची खोली फार महत्त्वाची आहे. साधी गाडी शेवटच्या स्थानकावर पोचली म्हणजे इंजिन सोडवायचे, बाजूच्या रुळावरून मागे न्यायचे, दुसऱ्या टोकाला जोडायचे, आणि मग गाडी परत निघायची. त्यासाठी जादा रूळ हवा, शंटर हवा, पॉइंट्समन हवा आणि अर्धा-पाऊण तास हवा. डेमूचा ड्रायव्हर एका टोकाला उतरतो, फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला जातो, आणि गाडी परत फिरते. म्हणून जेथे वाहतूक थोडी आहे, तारा नाहीत आणि स्थानके लहान आहेत, तेथे ही गाडी परवडते. गरिबाच्या मार्गाची ही गाडी आहे.

महाराष्ट्रात आणि आजूबाजूला ती कोठे कोठे धावली? दिवा-वसई आणि दिवा-रोहा मार्गांवर कामगारांना तिने पोचवले. कोकण रेल्वेवर पेडणे-कारवारच्या बाजूला ती गोव्यातली माणसे घेऊन गेली. मार्च २०१७ मध्ये ती पुणे-दौंड मार्गावर आली. तेथे तर वर तारा होत्या आणि लोक विजेची लोकल मागत होते, तरी मिळाली डेमू. मिरज-कोल्हापूरला ती धावली, मार्च २०२१ मध्ये पुण्याहून फलटणला गेली. आणि आपल्या शेजारी, येवले तालुक्यातल्या नगरसोलहून ती जालन्यापर्यंत जाऊ लागली. म्हणजे ज्या मीटरगेजने आपल्या टांगेवाल्यांचा रस्ता ओस पाडला, तीच लाईन ब्रॉडगेज होऊन तिच्यावरून ही गाडी औरंगाबादेस गेली.

परंतु या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती बीडची गोष्ट. परळीला रेल्वे होती. पण बीड या जिल्ह्याच्या ठाण्याला ती नव्हती. अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली. त्यानंतर मोर्चे झाले, उपोषणे झाली, निवडणुका आल्या आणि गेल्या. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल सत्तावीस वर्षांचे झाले, तेव्हा २३ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदनगरहून आष्टीपर्यंत, ६६ किलोमीटर, पहिली प्रवासी गाडी धावली. ती डेमूच होती. पुढच्या वर्षी, १६ ऑक्टोबर २०२३ रोजी, आष्टीहून परतताना नारायणडोहजवळ तिच्या पाच डब्यांना आग लागली. प्रवासी वेळेवर उतरले आणि जीवितहानी टळली, हे मोठेच भाग्य. आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, गाडी प्रत्यक्ष बीडला पोचली. तोवर नगरचे अहिल्यानगर झाले होते.

बीड जिल्हा कोणाचा? ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या सुमारास ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पोरेबाळे, शेळ्या घालून हजारो कुटुंबे कारखान्यांच्या फडावर निघतात. आपल्या नांदगाव तालुक्यातूनही अशी कुटुंबे जातात. आपण त्यांना रस्त्यावरून जाताना पाहतो. त्या माणसाला डेमूने काय दिले? एकदम सारे काही दिले असे मी म्हणणार नाही. कोयता बांधलेल्या कुटुंबाची ट्रॉली आगगाडीने सुटत नाही. परंतु त्याच कुटुंबातली मुलगी सकाळी अहिल्यानगरच्या महाविद्यालयात जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकली, म्हातारा दवाखान्यात जाऊन त्याच दिवशी परतू शकला, तर पुढच्या पिढीच्या हातातला कोयता सुटण्याचा संभव निर्माण होतो. त्यासाठी गाडीची वेळ मुलीच्या तासाशी आणि म्हाताऱ्याच्या दवाखान्याशी जुळली पाहिजे, आणि तिकीट त्यांच्या खिशाला झेपले पाहिजे.

तिकिटाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. करोनाच्या साथीनंतर साध्या पॅसेंजर गाड्या 'विशेष' म्हणून पुन्हा सुरू झाल्या आणि दहा रुपयांचे किमान तिकीट तीस रुपये झाले. गाडी तीच, डबा तोच, स्थानके तीच; फक्त नाव बदलले आणि भाडे तिप्पट झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा दहावर आले. मधल्या काळात भाजीची पाटी घेऊन एक स्थानक पुढे जाणाऱ्या बाईने दररोज येताजाता चाळीस रुपये जादा मोजले. तिच्या दिवसाच्या कमाईतून चाळीस रुपये वजा करून पाहा. यंत्र कितीही सुधारले तरी भाडे कोण ठरवतो, हा प्रश्न यंत्राच्या बाहेरचाच राहतो.

आता ही गाडीही उताराला लागली आहे. जेथे तारा येतात तेथून डेमू जाते आणि तारेवर चालणारी 'मेमू' येते. दिवा-वसईला तसे झाले, पुणे-दौंडला झाले. आपल्या पुढच्या जंक्शनवर, चाळीसगावहून धुळ्याला, २०२१ साली मेमू सुरू झाली. मेमूत धूर नाही, डिझेलचा खर्च नाही. तिचे स्वागतच केले पाहिजे. हरियाणात जिंद-सोनीपत मार्गासाठी डेमूच्या सांगाड्यावर हायड्रोजनचे इंधनघट बसवण्याचा प्रकल्पही रेल्वेने हाती घेतला. डेमूची डिझेल यंत्रे सांभाळणारे कामगार आता तेथेच उभे आहेत जेथे एके काळी फायरमन उभा होता.

शेवटी दोन आकडे सांगून थांबतो. १९९०-९१ साली भारतीय रेल्वेत सुमारे १६॥ लाख माणसे नोकरीला होती. २०२१-२२ च्या सुमारास ती सुमारे १२ लाखांवर आली. या काळात गाड्या वाढल्या, मार्ग वाढले, प्रवासी वाढले. कमी झालेल्या सुमारे साडेचार लाखांची सगळीच कामे यंत्रांनी घेतली असे नाही; त्यांतली पुष्कळशी ठेकेदाराकडे गेली. डबा झाडणारा आजही आहे, रुळावर उन्हात काम करणारा आजही आहे. पण त्याच्या हातात रेल्वेचे ओळखपत्र नाही, त्याला पास नाही, निवृत्तिवेतन नाही. भट्टी विझल्यामुळे फायरमनची जागा गेली, हे मी समजू शकतो. झाडू तर विझला नाही. मग झाडूवाल्याची जागा का गेली?

त्या म्हातारीचा प्रश्न मी आरंभी सांगितला, "हिला ओढतं कोण?" तिला आपण सांगू की, आजी, आत डिझेल आहे, विजेच्या मोटारी आहेत. परंतु पुढच्या वेळी नांदगावच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असाल, तेव्हा जरा खाली रुळांकडे पाहा. भर उन्हात चार माणसे पहार घेऊन खडी सारखी करीत असतील. त्यांना एकदा विचारा : दादा, पगार कोणाकडून मिळतो, किती मिळतो, आणि पावसाळ्यात मिळतो का? त्यांची उत्तरे ऐकून संघटनेच्या कचेरीत या. कचेरी बाजारपेठेतच आहे आणि संध्याकाळी सातनंतर उघडी असते.